कोणते कर्ज आधी फेडायचे? घरबसल्या होणाऱ्या कमाईतून कर्जमुक्तीचा हिशोब



आपल्या गटांमध्ये कुणी शिलाई करते, कुणी पिको-फॉल, कुणी पापड-कुरडया-शेवया, कुणी दोन शेळ्या आणि दहा कोंबड्या सांभाळते. घर, शेत, मुलं बघून महिन्याला दोन-चार हजार रुपये हातात येतात. तरीही वर्ष सरल्यावर बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "ताई, कमावते तेवढं देतेच आहे, पण कर्ज आहे तिथंच आहे."

असे का होते? कमाई थोडी आहे हे खरे. पण पुष्कळदा दुसरेही कारण असते. आलेला पैसा आपण "जो आधी दारात येईल त्याला" देतो. थोडे याला, थोडे त्याला. सगळ्यांना गप्प करता करता महिना जातो आणि जे कर्ज सगळ्यात जास्त व्याज खाते, त्याचे मुद्दल जागचे हलत नाही. म्हणून थोड्या कमाईत कोणते कर्ज आधी फेडायचे आणि ते कसे ठरवायचे, तेवढे एकच या लेखात आपण नीट समजून घेऊ.

सगळी कर्जे एका पानावर

एक वही घ्या. घरातले प्रत्येक देणे लिहा. बँक, पतसंस्था, गट, मायक्रोफायनान्स, सोने तारण, पीक कर्ज, किराणा दुकान, खताचे दुकान, भाऊ-नणंदेकडून घेतलेले हातउसने, सगळे. "ते काय घरातलंच आहे" म्हणून सोडू नका.

प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा : आज किती मुद्दल बाकी आहे, महिन्याला किती द्यावे लागते, व्याज किती आणि शेवटची तारीख कोणती.

पहिल्यांदा ही बेरीज पाहून छातीत धस्स होईल. होऊ द्या. आकडा वहीत लिहिला म्हणून वाढत नाही. लिहिला नाही तर मात्र कुणाचे व्याज किती चालले आहे हे कळतच नाही.

सगळे व्याज एकाच मापात आणा

बँक सांगते "वर्षाला १२ टक्के". गावातला माणूस सांगतो "शेकडा ५". ऐकायला ५ कमी वाटतात आणि १२ जास्त. पण शेकडा ५ म्हणजे दर महिन्याला शंभराला ५ रुपये. वर्षाचे झाले ६० टक्के! बँकेचे १२ टक्के म्हणजे महिन्याला शेकडा १. म्हणजे गावातले कर्ज पाचपट महाग.

लक्षात ठेवायला सोपे : शेकडा दराला १२ ने गुणा, वर्षाचा दर मिळतो. वर्षाच्या दराला १२ ने भागा, शेकडा दर मिळतो. आपल्या वहीत सगळे "शेकडा, दरमहा" असेच लिहू.

तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा.

एक, "फ्लॅट" व्याज. १०,००० रुपये घेतले, शेकडा १ प्रमाणे वर्षाचे व्याज १,२०० आधीच जोडले आणि ११,२०० चे बारा हप्ते पाडले. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत जातो, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर घेतले जाते. त्यामुळे १२ टक्के म्हणून सांगितलेला हा दर प्रत्यक्षात वर्षाला २१ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून विचारायचे, "व्याज उरलेल्या मुद्दलावर आहे की पूर्ण रकमेवर?"

दोन, आधीच कापलेले पैसे. कागदावर १०,००० आणि हातात ९,०००, असे असेल तर आपल्याला मिळालेले कर्ज ९,००० च आहे. व्याज मात्र १०,००० चे द्यायचे. हे कर्ज सांगितलेल्या दरापेक्षा महाग असते.

तीन, बोलीची भिशी. २०,००० ची भिशी १७,००० ला उचलली, तर सोडलेले ३,००० हे व्याजच आहे. त्यालाही वहीत जागा द्या.

एका घराचा हिशोब करून पाहू

समजा, आपल्यातल्याच एका ताईचे घर आहे. ती शिलाई करते, नवरा मजुरीला जातो. तिच्या वहीतले पान असे :

गावातल्या ओळखीच्या माणसाकडून : २०,००० रुपये, शेकडा ५, महिन्याचे व्याज १,०००
मायक्रोफायनान्स : बाकी २४,०००, शेकडा २, महिन्याचे व्याज ४८०, हप्ता सुमारे २,२७०, बारा हप्ते शिल्लक
गटाचे अंतर्गत कर्ज : बाकी १०,०००, शेकडा २, महिन्याचे व्याज २००
बँकेत सोने तारण : ३०,०००, शेकडा १, महिन्याचे व्याज ३००, मुदत एक वर्ष
किराणा उधारी : ४,०००, व्याज नाही

एकूण देणे ८८,००० आणि या महिन्याचे एकूण व्याज १,९८०.

आता नीट बघा. सगळ्यात मोठे कर्ज सोन्यावरचे, ३०,००० चे. तिचा जीव अडकला आहे तोही सोन्यात, कारण त्यात मंगळसूत्र आहे. पण व्याज कोण जास्त खाते? २०,००० चे गावातले कर्ज. एकूण देण्याचा तो चौथा हिस्साही नाही, आणि व्याजाचा अर्ध्याहून जास्त भाग एकटा घेऊन जातो.

घरखर्च, मायक्रोफायनान्सचा हप्ता आणि गटाचा हप्ता नवऱ्याच्या मजुरीतून निघतो. ताईच्या शिलाईतून खर्च जाऊन महिन्याला ३,००० रुपये कर्जासाठी उरतात. ते कसे वापरायचे?

पहिली रीत : गावातल्या माणसाला फक्त व्याजाचे १,००० द्यायचे, बाकीचे इकडे-तिकडे. वर्षात १२,००० रुपये जातील आणि वर्षाच्या शेवटी कर्ज? २०,००० च. एक रुपया कमी नाही.

दुसरी रीत : निम्मे-निम्मे. १,५०० गावातल्या कर्जाला, १,५०० सोन्याला. गावातले कर्ज फिटायला २३ महिने लागतील आणि व्याजापोटी सुमारे १३,८०० रुपये जातील. सोन्याच्या बाजूला थोडे व्याज वाचेल, पण शेकडा १ वाचवायला आपण शेकडा ५ भरत राहतो.

तिसरी रीत : सोने थांबवायचे आणि पूर्ण ३,००० गावातल्या कर्जाला द्यायचे. पहिल्या महिन्यात १,००० व्याज, २,००० मुद्दल, बाकी १८,०००. दुसऱ्या महिन्यात व्याज ९००, मुद्दल २,१००, बाकी १५,९००. असे करत आठव्या महिन्याच्या शेवटी ९०२ रुपये उरतात आणि नवव्या महिन्यात कर्ज संपते. एकूण व्याज गेले ४,९४७.

माणूस तोच, कर्ज तेच, कमाई तीच. कुणी १२,००० भरून तिथेच उभी, कुणी पाच हजारांच्या आत व्याज भरून मोकळी.

नवव्या महिन्यातच २,०५३ रुपये उरतात. ते आणि पुढच्या तीन महिन्यांचे ३,००० असे मिळून ११,०५३ रुपये सोन्याकडे वळवायचे. मुदत भरताना वर्षाचे ३,६०० च्या आतले व्याज भरून सुमारे साडेसात हजार मुद्दल कमी करता येते आणि उरलेल्या रकमेवर तारण नवे करून घेता येते. एक कर्ज फिटले की त्याचा पैसा पुढच्याच्या अंगावर घालायचा. तो घरखर्चात मिसळू द्यायचा नाही.

मग नियम काय?

सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरायचे, एकही चुकवायचा नाही. त्यानंतर वर जे उरेल ते सगळे, सगळ्यात महाग व्याजाच्या एकाच कर्जाला.

याला अपवाद आहेत, तेही समजून घ्या.

सोने तारणाची मुदत महिन्या-दोन महिन्यांवर आली असेल आणि लिलावाची नोटीस येण्यासारखी असेल, तर आधी तिकडे व्याज भरून नूतनीकरण करून घ्या. तारीख वहीत लाल पेनाने लिहा.

पीक कर्ज हे घरातले सगळ्यात स्वस्त कर्ज असते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते. म्हणून पीक कर्जाला घाईने जास्त भरू नका, पण तारीख मात्र चुकवू नका.

किराणा उधारीला व्याज नाही, पण उधारीवर घेताना भाव विचारायची सोय राहत नाही. रक्कम छोटी असेल तर एखाद्या बऱ्या महिन्यात ती मिटवून टाका आणि पुढचा महिना रोखीने सुरू करा.

गटाचा हप्ता थकवू नका. त्यात फक्त आपले नाव जात नाही, पूर्ण गटाची बँकेतली पत जाते. वेळेत फेडणाऱ्या गटांना अभियानातून तीन लाखांपर्यंतचे बँक कर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळते. एकीच्या थकबाकीने दहा जणींची वाट अडते.

आधी धंद्याचा पैसा बाजूला

महिन्याला ४,२०० रुपये शिलाईचे आले म्हणजे ४,२०० कमावले असे नाही. दोरा, हुक, सुया, मशीनचे तेल, वीज, तालुक्याला जायचे भाडे यात ७०० गेले. उरले ३,५००. त्यातले ३०० मशीनच्या दुरुस्तीला आणि २०० अडीअडचणीला बाजूला ठेवले. कर्जाला मिळाले ३,०००. वरच्या हिशोबातले ३,००० असे आले आहेत.

हे ५०० रुपये बाजूला ठेवणे म्हणजे चैन नाही. मशीन बिघडले आणि दुरुस्तीला पैसे नसले, तर आपण पुन्हा शेकडा ५ च्या दारात उभ्या राहतो. पापड करणाऱ्या ताईने उडीद डाळीचे, शेळी पाळणाऱ्या ताईने चाऱ्याचे आणि औषधाचे पैसे याच पद्धतीने वेगळे काढायचे. भांडवल खाऊन फेडलेले कर्ज पुढच्या महिन्यात परत येते.

त्यासाठी दोन डबे करा, एक धंद्याचा आणि एक कर्जाचा. घरखर्चाच्या पैशात दोन्ही मिसळायचे नाहीत. कर्जाच्या डब्यात आठवडाभर पडलेला पैसा खर्च होतो, म्हणून बैठकीच्या दिवशी किंवा हप्त्याच्या दिवशी तो लगेच भरून मोकळ्या व्हा. गटातली आठवड्याची बचत मात्र बंद करू नका. तीच उद्या अंतर्गत कर्जाची पात्रता देते.

आणखी एक. आपली उधारी वसूल करा! "ब्लाऊज ने, पैसे सावकाश दे" असे म्हणत आपण शेजारणीला बिनव्याजी कर्ज देतो आणि स्वतः शेकडा ५ भरतो. माप घेताना निम्मे पैसे आणि कपडा देताना उरलेले, अशी रीत पाडा. सुरुवातीला दोघी-तिघी नाक मुरडतील. काम चांगले असेल तर परत येतात.

कमाई दर महिन्याला सारखी नसते. लग्नसराईत शिलाई वाढते, उन्हाळ्यात पापड-कुरडया चालतात, पावसाळ्यात हात रिकामे होतात. म्हणून जास्तीचे भरायचे ते हंगामात भरा. मंद महिन्यात फक्त ठरलेले हप्ते निघाले तरी चालेल. सोयाबीन किंवा कापूस विकून एकरकमी पैसा येईल, तेव्हा तो कोणत्या कर्जाला जाणार हे पीक काढण्याआधीच ठरवून ठेवा.

"मुद्दल एकदमच दे" म्हटले तर?

गावातले काही जण मुद्दल थोडे थोडे घेतच नाहीत. "व्याज देत राहा, मुद्दल जमेल तेव्हा एकरकमी दे" म्हणतात. त्यांची कमाई व्याजात असते. अशा वेळी गटाकडून किंवा ग्रामसंघाकडून कर्ज घेऊन ते एकदम मिटवणे फायद्याचे ठरू शकते.

हिशोब बघा. तेच २०,००० गटाकडून शेकडा २ ने, उरलेल्या मुद्दलावर व्याज. महिन्याला तेच ३,००० भरले, तर आठव्या महिन्यात कर्ज फिटते आणि व्याज जाते १,६८४. गावातल्या कर्जापेक्षा सव्वातीन हजार कमी. शिवाय हे व्याज गटाच्या निधीत, म्हणजे आपल्याच पेटीत पडते.

पण कर्ज काढून कर्ज फेडताना तीन अटी पाळा. नवे कर्ज खरोखर स्वस्त हवे. नवे पैसे आले त्याच दिवशी जुने पूर्ण मिटायला हवे, निम्मे नाही. आणि जुन्याचे कागद परत मिळायला हवेत : कोरा चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर, चिठ्ठी, जे दिले असेल ते. गटातल्या दोघींना सोबत न्या आणि "पूर्ण रक्कम मिळाली" असे लिहून घ्या. एका मायक्रोफायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्या मायक्रोफायनान्सचे कर्ज, हे यात बसत नाही. तिथे व्याज कमी होत नाही, फक्त हप्ते दोन होतात.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शासनाने दर ठरवून दिले आहेत : शेतकऱ्याला तारण कर्ज वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारण १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के. शेकडा ५ कुठे आणि हे कुठे! व्याजासाठी कुणी जमीन लिहून घेत असेल, धमकावत असेल, तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार देता येते. एकटीने जायची भीती वाटत असेल तर ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांना सोबत घ्या.

मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यातले हे माहीत असू द्या :

सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील, असे कर्ज कंपनीने द्यायचे नाही.
मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड घेता येत नाही.
उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही.
आपल्याला समजेल अशा भाषेत कर्ज कार्ड मिळाले पाहिजे आणि त्यावर व्याज, फी, हप्ते लिहिलेले असले पाहिजेत.
वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणे चालत नाही.
कर्जासोबत दुसरी कुठलीही वस्तू घेण्याची सक्ती करता येत नाही.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करता येते. माहितीसाठी त्यांचा क्रमांक १४४४८ आहे.

कर्ज कुणाचे, नाव कुणाचे?

आता थोडे अवघड बोलू. पुष्कळ कर्जे बाईच्या नावावर असतात, पैसा दुसरीकडे लागतो. दिराची मोटारसायकल, सासऱ्यांचे आजारपण, नणंदेचे लग्न. घर आपलेच आहे, करायचेही असते. पण हप्त्याच्या दिवशी दारात उभे राहतात ते आपल्या. वहीत प्रत्येक कर्जापुढे "पैसा कशाला लागला" आणि "कोण फेडणार" हेही लिहा आणि एका संध्याकाळी जेवणानंतर ते पान घरातल्या सगळ्यांपुढे ठेवा. भांडायला नाही, ठरवायला. "माझे तीन हजार या कर्जाला जाणार, हप्ता तुमच्या मजुरीतून, सोयाबीनचे पैसे आले की सोने" असे स्पष्ट ठरले तर कुणी मध्येच त्या डब्यात हात घालत नाही.

आणि शेजारीण, मैत्रीण, नातलग म्हणाली, "तुझ्या नावावर कर्ज काढून दे, हप्ते मी भरते," तर नाही म्हणा. तिने हप्ता थांबवला तर पत तुमची जाते आणि पुढे गटाच्या किंवा घराच्या कर्जालाही ते आडवे येते. मदत करायचीच असेल तर तिला गटात आणा, बचत सुरू करायला लावा.

पुढच्या बैठकीत काय करायचे?

प्रत्येकीने आपले पान लिहून आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे पान गटातली लिहिणारी मैत्रीण किंवा मुलगी लिहून देईल. आकडे सगळ्यांपुढे वाचायची सक्ती नाही. लेखापाल किंवा समूह संसाधन व्यक्तीसोबत बसून फक्त दोन प्रश्नांची उत्तरे काढा : माझ्या घरातले सगळ्यात महाग कर्ज कोणते? आणि त्याला पुढच्या महिन्यापासून मी किती जास्त देऊ शकते?

तीन हजार नसतील तर पाचशे लिहा. वरच्याच २०,००० च्या कर्जात व्याजावर ५०० रुपये जास्त दिले, तर पहिल्यांदाच मुद्दल हलते आणि पुढच्या महिन्याचे व्याज १,००० वरून ९७५ होते. पंचवीसच रुपये. पण ते आता आपले झाले.